सीमाभागातले लेयर जुळत नाहीत? हाताने ओढू नका, आधी अंतर मोजा

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर बाची आणि शिनोळी ही गावं एकमेकांना लागून आहेत. बाची कर्नाटकात, शिनोळी चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात. जमिनीवर दोघांची शीव एकच. पण दोन राज्यांकडून आलेले गावांचे पॉलिगॉन (हद्दीच्या बंद आकृत्या) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र उघडले की कुठे मधे रिकामी फट दिसते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढलेलं दिसतं, आणि कधी कधी तर अख्खं गावच शेजारच्या शिवारात सरकलेलं असतं.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. एडिटिंग चालू करायचं, एका बाजूचा लेयर (नकाशाचा थर) माउसने ओढून दुसऱ्याला भिडवायचा आणि सेव्ह करायचं. त्या दिवशीचा नकाशा चांगला दिसतो. पुढे कुणी नवी जीपीएस मोजणी किंवा नवी गावांची यादी आणली की तोच घोळ परत उभा राहतो, कारण चूक पडद्यावर नव्हतीच. डेटा ज्या पद्धतीने साठवला आहे, तिथे ती आहे. शिवाय ओढलेला लेयर मुळात कुठे होता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, आणि मग खरी दुरुस्ती करण्याची वाटही बंद होते. कारखान्याचा शेती विभाग असो, पाणीपुरवठा संस्था असो की प्रबंधासाठी नकाशे करणारे विद्यार्थी, सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं.

म्हणून लेयरला हात लावण्याआधी मोजा. दोन्ही लेयरमध्ये खात्रीने ओळखता येतील अशा चार-पाच जागा निवडा: जुनी विहीर, ओढ्यांचा संगम, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. प्रत्येक जागी दोन लेयरमधलं अंतर आणि दिशा टिपून ठेवा. सगळीकडे अंतर आणि दिशा सारखीच निघाली तर दोष निर्देशांक पद्धतीत, म्हणजे सीआरएसमध्ये आहे. जागोजागी वेगळी निघाली तर दोष नकाशा बसवण्यात किंवा डिजिटाइझ करण्यात (रेषा संगणकात उतरवण्यात) आहे. एवढ्यावरच अर्धं निदान होतं.

गाव थेट समुद्रात पडलं असेल तर

हा प्रकार सगळ्यात भीतीदायक दिसतो, पण सुटायला सगळ्यात सोपा. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. एक्सेलच्या तक्त्यातून बिंदू आणताना एक्सच्या जागी अक्षांश आणि वायच्या जागी रेखांश दिला, तर बेळगाव नॉर्वेच्याही उत्तरेला, समुद्रात जाऊन पडतं. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. दोन कॉलम बदलून पुन्हा आणा, काम संपलं.

दुसरी शक्यता अशी की आकडे अंशात आहेत आणि फाइलवर शिक्का यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा आहे. मग गाव विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला दिसेल. हे ओळखायला लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याचा विस्तार बघा. बेळगावजवळ आकडे अंशात असतील तर एक्स ७४ च्या पुढे आणि वाय १५-१६ च्या आसपास असतो. यूटीएमच्या झोन (पट्टा) ४३ मध्ये एक्स साधारण ४ लाख ४६ हजार आणि वाय साडेसतरा लाखांच्या घरात असतो. वेबवरच्या नकाशांची मर्केटर पद्धत असेल, म्हणजे ईपीएसजी ३८५७ (ईपीएसजी हा निर्देशांक पद्धतीचा क्रमांक), तर एक्स ८३ लाखांच्या आसपास जातो. वाय तिथेही १८ लाखांजवळच असतो, त्यामुळे वायकडे बघून फसायला होतं. एक्स बघा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण मला दिसणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ याच जागी असतं. ‘सेट लेयर सीआरएस’ आणि ‘रिप्रोजेक्ट लेयर’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं फक्त सांगतं की हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत. आकडे तेच राहतात. दुसरं आकडे खरोखर बदलून नव्या पद्धतीत नवी फाइल करतं. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये हाच फरक एसटी_सेटएसआरआयडी आणि एसटी_ट्रान्सफॉर्म यांच्यात आहे. अंशातल्या फाइलवर ‘सेट’ने ३२६४३ चा, म्हणजे यूटीएम झोन ४३ चा शिक्का मारला की फाइल खोटं बोलू लागते, आणि पुढचा प्रत्येक जण तिच्यावर विश्वास ठेवतो. फाइलवरचा शिक्का चुकीचा किंवा गायब असेल तेव्हाच ‘सेट’ वापरा. पद्धत बदलायची असेल तेव्हा ‘रिप्रोजेक्ट’.

आपल्या भागाला एक सोय आहे. यूटीएमचा ४३ वा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत जातो, त्यामुळे खानापूर, बेळगाव, निपाणीपासून बिदरपर्यंतचा सगळा सीमाभाग, शेजारचं कोल्हापूर आणि गोवा एकाच झोनमध्ये बसतात. ४४ वा झोन नागपूरकडे लागतो. म्हणून साठवणीसाठी ईपीएसजी ३२६४३ एकदा ठरवून टाका आणि बाहेरून येणारी प्रत्येक फाइल रिप्रोजेक्ट करूनच आत घ्या.

शंभर-दोनशे मीटर, सगळीकडे एकाच दिशेने

हा डेटमचा फरक, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कोणता आकार धरून मोजले त्याचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट (भूभागाचे छापील नकाशे) एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर आणि पॉलिकॉनिक प्रक्षेपणावर आहेत. जीपीएस आणि उपग्रह चित्रं डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर चालतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीच्या ओपन सिरीज नकाशांना डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएम लागू झालं, पण जुन्या शीटवरून काढलेले ओढे, रस्ते आणि शिवा आजही कित्येक फाइलींमध्ये फिरत आहेत.

चूक होते ती अशी. शीट स्कॅन करून जिओरेफरन्सर या नकाशा बसवण्याच्या टूलमध्ये उघडतात, चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश टाइप करतात आणि टार्गेट सीआरएस म्हणून सवयीने ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ निवडतात. पण ते छापलेले आकडे एव्हरेस्टचे असतात. टार्गेट म्हणून कालियानपूर १९७५, ईपीएसजी ४१४६ निवडा आणि मग ३२६४३ मध्ये रिप्रोजेक्ट करा. त्या वेळी क्यूजीआयएस कोणतं रूपांतर वापरायचं ते विचारू शकतं. ‘बॉलपार्क’ लिहिलेला पर्याय घेऊ नका, तो डेटमचा फरक लक्षातच घेत नाही.

सीमाभागात हा दोष लपत नाही, कारण बेळगाव-खानापूरचा भाग ४८ आय या शीटमालिकेत येतो आणि निपाणी-कोल्हापूरचा ४७ एल मध्ये. दोघांचा सांधा १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एका जणाने एक शीट ४३२६ ने बसवली आणि दुसऱ्याने दुसरी ४१४६ ने, तर बेळगावहून संकेश्वरकडे जाणारा हायवे बरोबर त्या रेषेवर तुटलेला दिसतो. रस्ता किंवा नदी १६ अंशांवर तुटली असेल तर दुसरं काही शोधत बसू नका.

डेटम सुधारल्यावरही काही मीटरांचा फरक उरतो. त्यासाठी जीपीएसने घेतलेले खुणेचे बिंदू लागतात.

पाच-दहा मीटर, जागोजागी वेगळे

खरं अवघड काम इथे आहे. गाव नकाशे मुळात साखळीने मोजून काढलेले. त्यांना राष्ट्रीय निर्देशांक नाहीत, आणि प्रत्येक गावाचा कागद स्वतंत्र. जुना कागद पावसाळ्यात फुगतो, घडीवर ताणतो, स्कॅनरमध्ये तिरका बसतो. बाचीचा कागद एकाने बसवला, शिनोळीचा दुसऱ्याने, आणि दोघांनी शीव आपापल्या कागदावरून काढली. दोन रेषा तंतोतंत जुळणं शक्यच नाही.

पण फट पडण्याचं खोल कारण साठवणीच्या मॉडेलमध्ये आहे. शेपफाइल (नकाशा साठवण्याचा जुना प्रकार) किंवा साध्या पॉलिगॉन टेबलात प्रत्येक गाव आपली पूर्ण हद्द स्वतःजवळ ठेवतं. म्हणजे बाची-शिनोळीची शीव दोनदा साठवलेली असते, एकदा बाचीच्या नावावर आणि एकदा शिनोळीच्या. दोन भावांनी एकाच बांधाचे दोन वेगळे नकाशे जपावेत तसं हे आहे: एकाने आपला सुधारला की वाद सुरू. एका बाजूचा एक व्हर्टेक्स (रेषेवरचा बिंदू) हलला, किंवा कुणी फाइल हलकी करायला ‘सिम्प्लिफाय’ चालवलं, की फटी आणि चढ तयार झालेच.

उपाय म्हणजे शीव एकदाच साठवायची. पोस्टजीआयएसमध्ये सामायिक हद्द एकदाच साठवणारं टोपॉलॉजी एक्स्टेन्शन आहे, पण छोट्या कामाला इतकं लागत नाही. क्यूजीआयएसमध्ये मी असं करायला सांगेन: ‘शिवा’ नावाचा एक रेषांचा लेयर, त्यात प्रत्येक रेषेला डावीकडच्या आणि उजवीकडच्या गावाचा कोड, ही रेषा कोणत्या नकाशावरून घेतली ते, आणि तारीख. दुसरा बिंदूंचा लेयर, प्रत्येक गावाच्या आत एक बिंदू, त्यावर गावाचा कोड. रेषा काढताना स्नॅपिंग (टोकं आपोआप चिकटवणं) आणि टोपॉलॉजिकल एडिटिंग (सामायिक बिंदू एकत्र हलवणं) चालू ठेवा. मग ‘पॉलिगोनाइझ’ चालवून गावं तयार करा आणि बिंदूंवरून कोड चढवा. पॉलिगॉन हा आता तयार होणारा माल आहे, मूळ नाही. शीव सुधारायची तर रेषा सुधारायची आणि पॉलिगॉन पुन्हा बनवायचे. फट पडायला जागाच राहत नाही.

दोन राज्यांच्या रेषांपैकी कोणती धरायची, याचा निर्णय एकदा घेऊन लिहून ठेवा. ज्या बाजूला जीपीएसने पडताळलेले दगड जास्त, ती रेषा धरणं मला योग्य वाटतं. ‘इलिमिनेट’ टूलने फटी आपोआप शेजारच्या पॉलिगॉनमध्ये ढकलू नका. ते टूल तुकडा ज्याच्याशी सगळ्यात लांब हद्द लागते त्याला, किंवा मोठ्या शेजाऱ्याला देतं, आणि शिवेवरच्या शेतकऱ्याची चार गुंठ्यांची पट्टी कोणत्या राज्यात गेली हे नंतर कळतही नाही.

पॉलिगॉन आधीच हातात असतील आणि फक्त तपासायचे असतील, तर पोस्टजीआयएस ३.४ पासून एसटी_कव्हरेजइनव्हॅलिडएजेस आहे. न जुळणाऱ्या कडा तो बरोबर काढून दाखवतो. फाइल हलकी करायला त्याच आवृत्तीतलं एसटी_कव्हरेजसिम्प्लिफाय वापरा, ते सामायिक हद्द एकत्रच सरळ करतं.

नदी जिथे शीव आहे तिथे आणखी एक काळजी घ्या. दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला उपग्रह चित्रावरून आजचं पात्र काढून तेच हद्द म्हणून वापरण्याचा मोह होतो. मोजणीच्या नकाशातली शीव आणि आजचं पात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन वेगळ्या लेयरमध्ये ठेवा.

नकाशा जुळला, क्षेत्र जुळत नाही

आधी बघा क्षेत्र कशात मोजलंय. ३८५७ मध्ये आपल्या अक्षांशावर क्षेत्र आठ-नऊ टक्के फुगतं, म्हणजे एकराला साडेतीन गुंठ्यांच्या आसपास. एवढ्यावर शेतकरी आणि कारखाना यांच्यात भांडण लागू शकतं. ४३२६ मध्ये पोस्टजीआयएसचं एसटी_एरिया चौरस अंशात उत्तर देतं, त्याला काही अर्थ नाही. ३२६४३ मध्ये फरक हेक्टरी सात-आठ चौरस मीटर इतकाच, तो चालतो.

यानंतरही फरक उरला तर तो बहुधा उताऱ्याच्या आकड्यातून आलेला असतो. कर्नाटकात आरटीसी या जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं असतं: ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. टाइप करणारा २ एकर ३० गुंठे हे २.३० असं लिहितो, एक्सेल ते दशांश समजतं, आणि पाऊण एकराऐवजी पाव एकराहून थोडं जास्त हिशेबात येतं. खरं क्षेत्र २.७५ एकर आहे. गावभराची बेरीज केली की चूक कुठे आहे ते शोधणंही कठीण.

त्यामुळे मूळ मजकूर एका टेक्स्ट कॉलममध्ये जसाच्या तसा ठेवा, आणि शेजारी सगळं आण्यांत रूपांतर करून पूर्णांक ठेवा. उदाहरणार्थ २-३०-८: दोन एकरांचे १२८०, तीस गुंठ्यांचे ४८०, वरचे ८, मिळून १७६८ आणे. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. त्या हिशेबाने हे क्षेत्र ११,१७९ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे १ हेक्टर ११.७९ आर.

महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर आणि आर असतात. आर १०० चौरस मीटरचा, पण बोलताना चंदगड-कागलकडे त्यालाही गुंठाच म्हणतात. डेटा भरणाऱ्याने दोन्ही गुंठे एकाच कॉलममध्ये भरले तर दहा एकरांना साडेचार गुंठ्यांहून जास्त फरक पडतो. ज्यांची जमीन दोन्ही बाजूंना आहे त्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. एककाचा वेगळा कॉलम ठेवा आणि तो रिकामा सोडू देऊ नका.

आणखी एक: उताऱ्यावर एकूण क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीलायक नसलेली जमीन) वजा जाऊन उरलेलं क्षेत्र असे वेगळे आकडे असतात. पॉलिगॉनमध्ये ओढा, वाट, पड सगळं येतं. त्यामुळे नकाशाची तुलना एकूण क्षेत्राशी करा.

जॉइन लागत नाही

जॉइन म्हणजे तक्ता नकाशाला जोडणं. त्यासाठी लागणारा सर्वे नंबर कधीही आकड्याच्या कॉलममध्ये ठेवू नका. १२/३ हा नंबर एक्सेलने १२ मार्च केलेला असतो, आणि सीएसव्ही सेव्ह झाल्यावर मूळ नंबर कायमचा जातो. एक्सेलमध्ये फाइल उघडण्याआधीच कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करा. रिसनं (रिव्हिजन सर्वे नंबर), सिटी सर्वे नंबर आणि महाराष्ट्रातला गट नंबर हे तीन वेगळे प्रकार आहेत, त्यासाठी ‘नंबरचा प्रकार’ असा कॉलम हवा. गट १२ आणि सर्वे १२ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

गावाच्या नावावर जॉइन करणं तर सोडूनच द्या. येळ्ळूर, येळूर, यळ्ळूर अशी तीन रूपं एकाच यादीत सापडतात. बेळगावजवळ हिंडलग्याकडे एक सुळगा आहे आणि येळ्ळूरकडे दुसरा. नावावर जॉइन केलं की एकाचे शेतकरी दुसऱ्यात जातात. नाव दिसण्यापुरतं ठेवा, जोडणी केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतल्या गावाच्या कोडवर करा, आणि २०११ च्या जनगणनेचा कोड वेगळ्या कॉलममध्ये जपा.

जनगणनेचा डेटा वापरताना तालुके जुने आहेत हे ध्यानात ठेवा. २०११ मध्ये निपाणी चिकोडी तालुक्यात होतं आणि कागवाड अथणीत. बेळगाव जिल्ह्याचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. आणखी मागे गेलात तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, त्यामुळे चंदगडचे जुने कागद बेळगावच्या दप्तरात सापडतात आणि जुन्या तक्त्यांत त्याची बेरीज बेळगावात असते. यासाठी तालुका हा गावाच्या टेबलातला कॉलम न ठेवता वेगळं टेबल करा: गावाचा कोड, तालुका, जिल्हा, कधीपासून, कधीपर्यंत. मग १९५१, २०११ आणि आजचा, तिन्ही नकाशे एकाच गाव-लेयरवरून निघतात.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

शेपफाइलमधला मजकूर डीबीएफ फाइलमध्ये असतो आणि त्याचं एन्कोडिंग शेजारच्या सीपीजी फाइलमध्ये लिहिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती छोटी फाइल मागे राहते आणि मराठी, कन्नड दोन्ही नावांचा चिखल होतो. फाइल मिळाली तर ठीक, नाहीतर लेयर प्रॉपर्टीजमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करून बघा. नावं तरीही विचित्र इंग्रजी अक्षरांत दिसत असतील, तर ती श्रीलिपी किंवा नुडीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत; ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागतील, एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. मूळ यादीत प्रश्नचिन्हंच सेव्ह झाली असतील तर नावं गेली, पुन्हा मागवा.

डीबीएफमध्ये कॉलमचं नाव १० बाइटांपुरतंच मावतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे मराठी नावाची तीनच चिन्हं उरतात. ‘क्षेत्र’ लिहायला गेलात तर ‘क्ष’पाशीच तुटतं. मजकुरालाही २५४ बाइटांची मर्यादा आहे. म्हणून साठवणीसाठी शेपफाइल नकोच. जिओपॅकेज वापरा: एकच फाइल, आत सगळे लेयर, युनिकोड, सीआरएस सोबतच. चार-पाच जण एकाच वेळी काम करणार असतील तर पोस्टजीआयएस. शेपफाइल फक्त कुणी मागितली तर एक्सपोर्ट करून द्या.

आणि दोन्ही राज्यांकडून आलेल्या मूळ फाइली, जशा आल्या तशा, झिप करून तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यांच्यावर एडिटिंग करू नका. दुरुस्त लेयरच्या प्रत्येक ओळीत तो कोणत्या झिपमधून आला ते नाव असू द्या, म्हणजे पुढच्या वेळी शीव सरकलेली दिसली तर कुणाची मोजणी आणि कोणता कागद, हे त्या ओळीवरूनच काढता येईल.